टेकाडाचं वय

घरात तिला सगळे कौतुकानं ‘खापरी’ म्हणत. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण कुंचला हातात आला की बाई सकाळपासून दुपारपर्यंत उत्खननाच्या चरात उकिडव्या बसायच्या. जुन्या भांड्याचं बोटभर खापर निघालं तरी दिवस सोन्याचा.

हे वेड वडिलांनी लावलं. ते प्रार्थनागृहाची देखभाल करायचे. झाडलोट आटोपली की लेकीला धर्मग्रंथातल्या गोष्टी वाचून दाखवायचे. आठ वर्षांची असताना तिनं विचारलं, “त्या गोष्टीतली विहीर आता कुठंय?”

“असेल कुठंतरी मातीखाली,” वडील म्हणाले. “देवानं काही पुसून टाकलेलं नाही.”

ते बोलणं तिच्या डोक्यात घर करून बसलं. पुढं चाळीस वर्षं तिनं पुरातत्त्व खात्यात माती उकरली. चरात उतरण्याआधी ती मनातल्या मनात प्रार्थना करायची. सहकारी गालात हसायचे, ती तिकडं काणाडोळा करायची.

निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या टेकाडाच्या उत्खननाचं काम तिच्याकडं आलं. त्यांच्या पंथाच्या पहिल्या उपदेशकांनी दीड हजार वर्षांपूर्वी इथं स्वतःच्या हातानं पहिलं प्रार्थनागृह बांधलं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. पायथ्याशी तसा फलकही होता. दुसऱ्या हंगामात भिंती लागल्या तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. सगळ्यात खालच्या थरातला कोळसा जेमतेम नऊशे वर्षांचा होता. तिनं दुसरीकडून तपासून घेतलं, उत्तर तेच. त्याखाली नुसती कोरी माती, माणसाची खूणही नाही.

धाकटा भाऊ प्रार्थनागृहाच्या मंडळाचा चिटणीस होता. तो म्हणाला, “अहवालात नुसतं ‘प्राचीन’ लिही की. कुणाचं काय बिघडतं?”

“माहीत असलेलं लपवायचं आणि त्याच तोंडानं प्रार्थना म्हणायची, हे मला जमायचं नाही रे.”

“म्हणजे घरचीच माणसं तोंडघशी पाडणार तू,” असं म्हणून तो चहा अर्धा टाकून उठला.

आता हेडमास्तरांना सांगायचं होतं. ते मंडळाचे अध्यक्ष, वडिलांचे जिवलग मित्र, वय ब्याऐंशी. पायथ्याचा फलक त्यांच्याच अक्षरातला. ती त्यांच्या घरी गेली. बसताक्षणीच तिनं सगळं सांगून टाकलं.

“पोरी, तुझा बाप हे ऐकून काय म्हणाला असता?”

“माहीत नाही, काका. पण खोटं लिही असं नसते म्हणाले.”

“मला दाखव,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मजूर त्यांना धरून चरात उतरले. तिनं चराच्या भिंतीतले थर थापीच्या टोकानं दाखवले. “ही पहिली फरशी. तिच्यावर हा काळा पट्टा, म्हणजे आग. त्यावर दुसरी फरशी. मग पुन्हा राख. ही तिसरी.”

“तीनदा बांधलं?”

“तीनदा. आणि दर वेळी दार त्याच जागी.”

हेडमास्तरांनी राखेच्या पट्ट्यावर बोट टेकवलं, मग बोटाला लागलेली राख बघितली. “आमच्याकडं नुसतं छप्पर गळलं तर वर्गणीवरून वर्षभर भांडणं,” ते म्हणाले. “हे बांधणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत ना?”

“नाहीत.”

आठवड्याच्या प्रार्थनासभेत तिनं अहवाल वाचला. सात-आठ जण मधूनच उठून गेले, त्यातली दोन घरं पुन्हा आलीच नाहीत. हेडमास्तरांनी मात्र फलक उतरवून नव्यानं लिहायला घेतला. नऊशेचा आकडा जरा वाकडाच आला. तो तसाच राहिला.

भाऊ वर्षभर बोलला नाही, घरी फिरकलाही नाही. घासाघासाला तिला ते जाणवे. प्रार्थनेत ती रोज त्याचं नाव घ्यायची आणि लगेच वाटायचं, आपण देवाकडं चुगली तर करत नाही?

मग एका सकाळी त्याचा फोन आला. टेकाड बघायला शाळेची मुलं येणार होती.

“त्यांना समजावून कोण सांगणार?” तो विचारत होता.

“तूच सांग,” ती म्हणाली.

“मला त्यातलं काय कळतं?”

“मग उद्या ये. जुने बूट घालून ये.”

तो आला. तिनं त्याला तीन तास उन्हात उभं करून एकेक थर त्याच्याकडून घोकून घेतला.