कपाखालची तीन बटणं

माझ्या नातीला, ठमीला, वजाबाकी मी शिकवली. पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायचा धीर राहील की नाही, खात्री नाही.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. घरात मात्र माझ्यावर कुणी काही सोपवत नसे. चांगल्या शाळेत पहिलीला घेण्याआधी मुलांना तोंडी प्रश्न विचारतात, म्हणून सूनबाई शिकवणी शोधू लागली, तेव्हा मी चाचरत म्हणालो, "मी बघू का?"

मुलगा हसला. "बाबा, तुमच्याकडे शिकून मी गणितात दोनदा आपटलोय."

"बघू दे रे," सून म्हणाली. "तेवढाच त्यांचाही वेळ जाईल."

बायकोच्या शिवणाच्या डब्यात बटणं होती. तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बेरीज ठमी चार दिवसांत शिकली. मग वजाबाकी. सात बटणं मांडली आणि त्यातली तीन उपड्या कपाखाली ठेवली.

"किती राहिली?"

"चार. आणि ती तीन कुठे गेली?"

गेली ती गेली, संपलं, एवढंच म्हणायचं होतं. पण ती बायकोच्या हिरव्या कोटाची बटणं होती. मी कप उचलला. "ही काय, इथंच आहेत."

ठमी खूश झाली. मग तो खेळच होऊन बसला. दर वेळी ती कप उचलायची, "सापडली!" म्हणून ओरडायची, सगळी बटणं परत मोजायची आणि उत्तर द्यायची, सात. चूक मला दिसत होती. उद्या सांगू, उद्या सांगू, करत राहिलो.

मुलाखतीच्या दिवशी सुनेला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. शाळेतल्या बाईंनी टेबलावर सात मणी मांडले, तीन खणात टाकले.

"आता किती?"

"सात."

"नीट बघ हं, बाळा."

"सातच. तीन तुमच्या खणात आहेत." आणि ती माझ्याकडे वळली. "हो ना, आजोबा?"

पोरीला येतं, मीच चुकीचं शिकवलंय, इतकंच म्हणायचं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी चष्मा पुसायला घेतला.

यादीत ठमीचं नाव आलं नाही. सून मला एका शब्दानेही बोलली नाही. ठमीला मात्र म्हणाली, "सातातून तीन जात नाहीत तुला? ढ कुठली!" तेव्हाही मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो होतो.

आता सूनच शिकवते. वहीत रेघा मारायच्या आणि खोडायच्या. काल ठमी एकटी दिसली, तेव्हा मी डबा काढला. सात बटणं मांडली, तीन कपाखाली.

"चार," ती चटकन म्हणाली.

"आणि तीन?"

"गेली."

"कप उचलून तर बघ."

"नको." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तिथे असली तरी तुम्ही सांगत नाही कुणाला."

वही उचलून ती आईकडे गेली. उत्तर बरोबर होतं. तेवढं तिला सांगणंही माझ्याच्याने झालं नाही.