टेपचं दुमडलेलं टोक

तिनं ऑइल प्रेशरच्या स्विचवरची वायर काढली आणि बाबांना किल्ली फिरवायला सांगितली. वायर निघाल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लागायला नको होता. तो लालभडक लागला.

“लागलाय,” स्टिअरिंगमागून बाबा म्हणाले.

बत्तीस वर्षं टॅक्सी चालवताना त्यांनी एकच देव मानला होता, तो म्हणजे हा दिवा. तो लागला की किल्ली काढायची, मग मागे कुणी का बसलेलं असेना. गाडी सोडा म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आईनं सांगितलं, तिनंही सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पण आठ दिवसांपूर्वी दिवा लागला आणि गाडी दारात उभी राहिली ती राहिलीच. नाक्यावरच्या मेकॅनिकनं स्विच बदलून पाहिला. दुखणं म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, असं म्हणत बाबांनी शेवटी लेकीला तिच्या गॅरेजमधून बोलावून घेतलं. आठ दिवसांत ते धड जेवले नव्हते. इंजिन गेलं तर हा माणूसही खचेल, याची तिला मनापासून भीती वाटत होती.

स्विचच्या जागी गेज लावून तिनं मघाशीच ऑइलचा दाब मोजला होता. तो चांगला भरला होता. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं आणि वायर वाटेत कुठंतरी गाडीच्या बॉडीला लागून दिवा पेटवत होती.

ती वायर बोटांनी चाचपत मागे गेली. बॅटरीखाली टेपचा नवा वेढा लागला, आणि त्याचं टोक आत दुमडलेलं होतं. तिचा हात थांबला. पुढच्या माणसाला नखानं खरवडत बसायला नको म्हणून टेपचं टोक दुमडणारं एकच माणूस तिला माहीत होतं. लग्नाआधी आणि नंतरही वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणारी तिची आई.

टेपखाली वायर बोटभर सोललेली होती. त्या वायरला पिळलेली तांब्याची तार बॉडीच्या बोल्टला नीट आवळली होती.

आई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे बाबांना दोघी दिसत नव्हत्या.

“दिवा लागायच्या आदल्या दिवशी डावीकडून सायकलवर एक मुलगी आली,” आई हळूच म्हणाली. “यांना दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून वाचली.”

“मला सांगायचंस की.”

“सांगून काय झालं असतं? ते फक्त दिव्याचं ऐकतात.”

तिला आईचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तार सोडवली तर उद्या सकाळी बाबा रस्त्यावर असणार होते. न सोडवता इंजिन गेलं म्हणणं एका शब्दाचं काम होतं. तिनं आजवर कुणा गिऱ्हाइकाला खोटा बिघाड सांगितला नव्हता.

“सापडलं का काही?” बाबांनी विचारलं.

“इंजिन चांगलं आहे, बाबा. वायर बॉडीला लागली होती.”

“कुठं?”

“बॅटरीखाली. टेपच्या आत.”



“टेपचं टोक दुमडलेलं होतं?” बाबांनी आतूनच विचारलं.

आईनं तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

दार उघडल्याचा आवाज आला. बाबा उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घालून आले आणि दोघींकडे न बघता पलीकडच्या दारानं शेजारच्या सीटवर जाऊन बसले. किल्ली स्टिअरिंगपाशीच लटकत होती.

“आधी दिवा विझव,” ते लेकीला म्हणाले. “मग तू चालव.”