मौनाचा सोमवार

जयवंतानं दोन पावलं पुढं सरकून बांगड्या वाजवल्या. एकदा वाजल्या की इंजिन कडुनिंबापाशी आलं, दोनदा वाजल्या की संभाजीनं हात वर करायचा. पण आज फलाटावर शाळेच्या मुलींचं लेझीम चाललं होतं. संभाजी कान देऊन नुसताच उभा राहिला. त्याच्या हातात वेताची कडी होती आणि कडीत अडकवलेला लोखंडी गोळा. हा गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी पुढं नेता येत नसे.

बारामतीच्या अलीकडचं हे लहानसं स्टेशन आज सगळ्यांना मोकळं होतं. लवकरच मोठी लाईन येणार, छोटी गाडी जाणार. तेव्हा लोकांनी एकदा सगळं हात लावून बघावं, असं स्टेशनमास्तरांनी ठरवलं होतं. जळोचीहून, वरकुट्याहून माणसं आली होती.

संभाजी इथला सांधेवाला, गाडीसाठी रूळ बदलून देणारा. तीन वर्षांपासून त्याला समोरचं माणूस धुक्यात उभं असल्यागत दिसे. डोळ्याच्या नसा सुकल्यात, उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नोकरी गेली तर क्वार्टरही जाणार. म्हणून रूळ बदलायचा दांडा त्याची बायको जयवंताच ओढी, झेंडा ती दाखवी, तो फक्त कडी धरून उभा राही. त्याच्या डोळ्यांसाठी तिनं सोमवार धरले होते. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत उपास आणि मौन. आजचा सोळावा.

इंजिन अगदी जवळ आलं तरी त्याचा हात खालीच होता. तिनं पुन्हा बांगड्या वाजवल्या. लेझीमपुढं त्या कुणाला ऐकू जाणार?

ब्रेक करकरले. सिकंदर ड्रायव्हर खाली उतरला आणि संभाजीच्या हातातून कडी काढून घेत म्हणाला,

"चालत्या गाडीत गोळा घेतला तर लोकास्नी काय दिसायचं, संभाजीराव? नीट बघू द्या की."

टाळ्या पडल्या.

"एवढ्याशा गोळ्याबिगर गाडी हलत न्हाय व्हय?" गर्दीतली जळोचीची आक्काबाई म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याचं चहाबिगर असंच हाय."

सगळे हसले. सिकंदरनं संभाजीच्या खांद्यावरून जयवंताकडं पाहिलं. तिनं नजर खाली घेतली.

मग सत्कार झाला. पुण्याहून आलेल्या साहेबांनी संभाजीच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"बावीस वर्षांत एक चूक नाही. असा माणूस आम्ही सोडणार नाही. मोठ्या लाईनीवर घेतोय यांना. तिथं एक्सप्रेस गाड्या आहेत, पाळीला एकट्यानं उभं राहावं लागेल. पण यांना काय अवघड?"

संभाजी हसला. ते हसू तसंच राहिलं आणि बोटं नारळाच्या शेंडीत फिरत राहिली.

"काय बाई, यायची तयारी आहे ना?" साहेबांनी जयवंताला विचारलं.

"तिचं मौन हाय, सायेब," आक्काबाई म्हणाली. "मान हलवंल ती."

"मग मान हलवा."

लेझीम थांबलं होतं. सिकंदर हात पुसता पुसता थांबला. ऊन अजून फलाटाच्या मधोमध होतं, दिवेलागण लांब होती. जयवंतानं उजव्या हातानं डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या.

"त्यास्नी दिसत न्हाय," ती म्हणाली. सकाळपासून न वापरलेला आवाज फाटका निघाला. "तीन वर्सं झाली. सांधा मी बदलते."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं, मास्तरांनी रुळांकडं.

"मला ठावं होतं, सायेब," सिकंदर म्हणाला. "कडी धरलेला हात त्याचा, खूण करणारा हिचा. लई वेळा बघितलंय."

संभाजीच्या खांद्यावरून शाल घसरली. ती त्यानं सावरली नाही.

"सोळावा होता की गं आज," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं नारळ काखेत घेतला आणि सगळ्यांदेखत मोकळा हात पुढं केला. जयवंता तिथं नव्हतीच, दोन पावलं डावीकडं होती. ती सरकली आणि त्या हाताखाली खांदा देऊन उभी राहिली.