तडा अकरा मिलिमीटर

"एखादं छानसं पान उघडून ठेव हं, एर्सिलिया," टाय सारखा करत तेरेन्झीसाहेब म्हणाले. "नाण्यावर आपला कडा आहे, तर लोकांना त्याची वहीही बघू दे."

"ठेवते ना, साहेब. तुमचं अक्षर असलेलंच ठेवते."

साहेब खूश झाले. सान मारिनो या चिमुकल्या डोंगरी देशाने पृथ्वी आणि पर्यावरणाच्या गौरवासाठी चांदीचं नाणं काढलं होतं आणि त्यातलं पहिलं नाणं आज भूगर्भ कचेरीच्या या निवृत्त प्रमुखांना मिळणार होतं. त्याच कचेरीत एर्सिलिया झाफेरानीने एकतीस वर्षं काढली. दर सोमवारी कड्यावर चढायचं, दगडातला तडा मोजायचा, आकडा लिहायचा.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिने लिहिलं होतं : तडा अकरा मिलिमीटर. खालचा रस्ता आजच बंद करावा. पर्यटकांचा हंगाम होता. रस्ता चालूच राहिला. चौथ्या दिवशी दरड कोसळली आणि पावाची गाडी घेऊन निघालेला तिचा नवरा नेव्हिओ दरडीखाली सापडून गेला. चौकशीत साहेब म्हणाले, मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वही तोवर गायब झाली होती. प्रदर्शनासाठी कपाटं उपसताना गेल्या महिन्यात ती नकाशांमागे मिळाली. एर्सिलिया कुणाजवळ चकार शब्द बोलली नाही.

तिने वही त्याच पानावर उघडून काचेच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली सज्जातून दरीत भिरकावली.

टाळ्या घेऊन, नाणं मिरवत साहेब पेटीशी आले. तिच्या नोंदीखाली त्यांचाच ठसठशीत शेरा होता : 'पाहिले. तेरेन्झी.'

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एर्सिलियाने तो डोळे भरून पाहून घेतला.

"किल्ली दे."

"हरवली, साहेब. वही हरवली होती ना, तशीच."

"अगं, म्हाताऱ्या माणसाची अब्रू घालवून काय मिळणार तुला?"

"तेच तर बघायला आलेय."

साहेब पेटीला पाठ लावून उभे राहिले. तेवढ्यात त्यांची बायको लोरेदाना आली. "सरका हो जरा. तुमचं अक्षर मलाही बघू दे की!"

तिने चष्मा लावून वाचलं. मग तारीख वाचली.

"नेव्हिओ गेला तेव्हा मी हिच्या दारात जाऊन सांगून आले होते," ती हळूच म्हणाली. "माझ्या नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं म्हणून."

साहेबांनी तिचा दंड धरायला हात पुढे केला. ती बाजूला झाली.

दाराशी तिला कोटाची बाही सापडेना. दोनदा हात हवेतच गेला. एर्सिलिया जवळ गेली आणि तिने बाही धरून ठेवली.