झोळीचा दोर

"ह्यो दोर ने तुजा माघारी, साखरे," आसं म्हनून दगडाबाईनं नायलॉनचा निळा दोर माज्या पायापाशी टाकला. सकाळी सकाळी रामहरीच्या दुकानात जाऊन म्या त्यो आनला व्हता, तिच्यासाठीच.

मला आला राग. माजं नाव साखराबाई, पर जिभंला गोडवा न्हाई हे साऱ्या वाडीला ठावं हाय.

"कावून गं? ह्याला काय काटे हायत का? झोळी टांगायची हाय का हत्ती बांदायचा हाय?"

"माज्या घरात झोळीला इकतचा दोर लागला न्हाई आजवर. माजा अंगद त्याच्या आज्यानं वळलेल्या दोरावर वाडला. त्याचं लेकरू बी आज्याच्याच दोरावर निजंल."

"आगं, पर आज्या राह्यलाय का आता!"

बोलून गेले आन जीभ चावली. ती वर छपराच्या आड्याकडं बगत बसली. आड्याला अंबाडीच्या सालीचा वाख टांगला व्हता, धुतलेला, पांढराफेक. म्हाळूनं सोलून ठिवलेला.

म्हाळू म्हंजी दगडाबाईचा मालक. मेंढरामागं जल्म गेला त्याचा. घरात बसला की घुसमटायचा गडी. भाकर बी हातावर घिऊन दाराभाईर बसायचा. माळावरल्या हिवराच्या झाडाखाली त्याची बैठक, आन हात कवा रिकामा न्हाई. कुनाला गोफन, कुनाला शिंकं, कुनाच्या वासराला मुसकं. माजी बाज त्यानंच इनली. इनताना म्हनला, "साखरे, तुज्या बोलन्याइतकी ताठ इनतो, मंग वीस वर्सं बगाय नगं." अजून ढिली झाली न्हाई मेली.

आन घरच्यांवर जीव तर आसा, की इचारू नगा. सून बबिता नवी नवी आली तवा माळावरनं येताना रोज धोतराच्या सोग्यात बोरं बांदून आनायचा. "माय, खा," म्हनायचा तिला. औंदा बबिताला दिवस गेल्याचं कळलं, तवा मिरगाला सगळी कापूस लावायली, तर ह्येनं आदी बांधाच्या कडंनं अंबाडी टोकली. वाडीभर सांगत सुटला, "झोळीची सोय केली बरं का!" दसऱ्याच्या आदीच अंबाडी काढली, वड्यात भिजू घातली, सोलली, धुतली, टांगली. आन एक दिस मेंढरं माघारी आली, पर म्हाळू आला न्हाई. हिवराला टेकून बसल्या जागीच गेला. हातात आर्धं मुसकं.

तेरावा झाला. मेंढरं दगडाबाईचा दीर घिऊन गेला आष्टीकडं. दिवाळी झाली तशी वाडी ऊसतोडीला निघाली. अंगद म्हनला, आई, चल संगं. ही म्हनली, फडात माजं काय काम, मी हितंच बरी. बबिता तसल्या पोटानं टरकात चढली. मागं राह्यलो आमी म्हातारी-कोतारी आन कुत्री. सांज झाली की कुनाच्या चुलीचा धूर दिसतोय का म्हनून मी कितींदा दारात येते. दगडाबाईच्या छपरावरला दिसला की बरं वाटतं बगा.

तर आता सांगावा आला व्हता. बबिताचे दिवस भरत आले. मुकादमाची गाडी मागं राह्यलेली मान्सं न्यायला उद्या येनार. दोर धाडायचा तर तिच्यासंगंच.

"मंग वळ की," म्या म्हनलं. "आड्याकडं बगून दोर व्हतो का?"

"येकलीला वळत न्हाई गं त्यो." तिचा आवाज येवडासा झाला. "दोराला दोन मान्सं लागत्यात."

खरं व्हतं. म्या हज्यारदा बगितलं व्हतं. अंगनात जोत्यापाशी दगडाबाई फिरकी घिऊन बसायची. फिरकी म्हंजी बाबळीचा दांडा, म्होरं लोखंडी आकडा. आकड्याला वाख आडकवून ती गरागरा फिरवायची, आन म्हाळू कमरंला वाखाचा पुंजका बांदून, बोटानं वाख सोडत सोडत उलटा चालत जायाचा. सुत जसं लांबंल तसा गडी लांब. लिंब वलांडून, मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुपापर्यंत. तिथं येक पांढरा दगड हाय, त्याच्यापाशी थांबायचा. पीळ भरला की सुत मधल्या खुट्याला घालून, टोक धरून माघारी यायाचा. मंग दोन्ही पदर येकमेकाला गुंडाळत्यात, दोर तयार. दगडापाशी गेला की वरडायचा, "दगडे, लई लांब आलो का गं?" आन ही हितनं, "या की माघारी!" म्हातारी झाली तरी ह्येंचं ह्येच चाललेलं. मी नाकं मुरडायची.

"आन हिकडं," मी पदर खोचला. "मी सोडते वाख, तू फिरव."

सांगाया सोपं. चार पावलं गेले न्हाई तर सुतात मुठीयेवडा गोळा. पुन्यांदा धरलं, तर बारीक व्हऊन तुटलं. तिसऱ्यांदा बी तुटलं.

"गाठ मारू का?"

"गाठ नगं. गाठीत पानी मुरून दोर कुजतो, आन लेकरू खाली येतं. ह्ये म्हनायचे." तिनं हातातला वाख चाचपला. "साखरे, आता येका दोरापुरताच राह्यलाय बग."

"मंग माज्या हाती देऊ नगंस. तूच सोड."

"मला कुटं येतंय! म्या जल्मभर फिरकीच फिरवली."

"फिरवताना डोळे झाकून बसलतीस का? म्होरं बगून कुनाचे हात बगत व्हतीस?"

आपल्याच बोटांकडं बगितलं तिनं. मंग उठली, पुंजका कमरंला बांदला, आन फिरकी माज्याकडं दिली. उलटा पीळ घालू नगंस म्हनून दोनदा बजावलं.

मी फिरवाय लागले. ती मागं सरकाय लागली. आन काय सांगू, सुत कसं शेवयीवानी येकसारखं निघाय लागलं. आंगठ्यानं वाख दाबायची ती तऱ्हा, मान जराशी वाकडी, समदं म्हाळूचं. लिंब वलांडला. कुपापाशी गेली. पांढऱ्या दगडापाशी थांबली.

मी फिरवत राह्यले. पीळ भरला. सुत ताठ झालं. पर बाई काय हलंना.

"दगडे, ये की आता!"

हालली न्हाई. टोक दोन्ही हातांनी छातीशी धरून हुबी. खांदे गदगदाय लागले. मला पळत जावं वाटलं, पर उठू कशी? फिरकी सुटली तर पीळ उधळला आसता, आन वाख संपल्याला. ती तिकडं, मी हिकडं, आन मदी त्यो पिळाचा ताठ धागा. माज्या बी डोळ्याला पानी आलं.

"साखरे," ती तिकडनं म्हनली, "हितनं तू लई बारकी दिसायलीस गं. मी बी त्येंला आशीच दिसत आसन."

"आसशील. म्हनून तर दर बारीला माघारी यायाचा ना त्यो?" आन मी नरडं तानून वरडले, "ये की माघारी!"

तवा ती आली. सावकाश, येकेक पाऊल टाकत, टोक न सोडता.

दोर गाडीसंगं गेला. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हनत्यात, तसली ही बाई. जाताना गाडीवाल्याला म्हनली, ह्याला उसाच्या मोळीला लावलंस तर बग.

पुढल्या आठवड्यात अंगदचा फोन आला. लेक झाली. फडाच्या कडंच्या बाबळीला झोळी बांदलीया, पोरगी गप निजली म्हनला. मी शेजारीच बसलेली, समदं आयकू येत व्हतं.

"आई, दोर लई झ्याक हाय गं. हात लावला की आबाच आटवतो. पर आमी निगालो तवा वाख निस्ता टांगलेला व्हता ना? आबानं कवा वळला ह्यो?"

मी तोंड उघडनार, तर दगडीनं माजा हात दाबला.

"जायाच्या आदी वळून ठिवला व्हता बाबा त्यांनी. मला बी मागनं घावला."

तिकडं पोरगी जागी व्हऊन रडाय लागली. हिनं फोन ठिवला. सांज व्हत आलती, अंगनात कुनी न्हाई, कुपात मेंढरू न्हाई. येवडं मोटं अंगन, झाडून झाडून गुळगुळीत केलेलं.

"साखरे, उद्या येशील का? तू तोडलेला वाख पडलाय थोडा."

"त्याचा काय दोर व्हनार हाय? गाठीच गाठी."

"दोराला न्हाई गं," ती म्हनली. "निस्ती म्होरं बस. फिरकी धर, आन मला माघारी बोलीव."

"येते," म्या म्हनलं. "मला तरी घरी कोन बोलवायलंय."