वायरची मूठ

"गिटार नुसती गळ्यात अडकवायची, वाजवायची कुठे आहे?" सत्कार समितीचे टकलू गृहस्थ मला तिसऱ्यांदा समजावत होते. मी पक्षाघात झालेल्या वायरदादांचं कोपर धरून व्यायाम देत होते, त्यामुळे मान हलवून नाही म्हणण्यापलीकडे काही करता येईना. वहिनींनी मात्र हो म्हणून टाकलं. वर्षभर या माणसाचा प्रवास पलंगावरून खुर्चीपर्यंत, चार लोकांत गेला तर बरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. नवरा त्यांचा. मी आपली तासाभराची व्यायामवाली बाई, पुन्हा कोपर वळवू लागले.

पण मी नुसती व्यायामवाली नव्हते. शाळेत असताना, आमच्या मामाच्या गॅरेजवरच्या खोलीत दादांचा बँड सराव करायचा. आमच्या घरी गाणं म्हणजे रेडिओ, तोही आवाज बारीक करून. एका दुपारी मामाचा डबा द्यायला गेले आणि वरून जे ऐकू आलं ते ऐकत डबा हातात धरून जिन्यातच उभी राहिले. इतक्या मोठ्यानं ओरडता येतं आणि त्यालाही संगीत म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गिटारवाला काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला वायर म्हणायचे. त्याचा डावा हात दांड्यावर असा धावायचा की बोटं वेगळी दिसू नयेत. डबा द्यायला एवढा वेळ कसा लागतो, असं आई रोज विचारायची. काय सांगणार, कप्पाळ!

पक्षाघातानंतर तोच डावा हात माझ्या हाती आला. मी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. खांदा थोडा हलू लागला, कोपर थोडं वळू लागलं, बोटांनी काही दाद दिली नाही. "येईल ना गं?" असं ते दरवेळी विचारायचे आणि मी "बघू या, दादा" म्हणायचे. आमच्या धंद्यात 'बघू या'चा अर्थ पेशंटला लवकरच कळतो. तरी ते विचारत राहिले.

सत्काराला हॉल खचाखच भरला. एके काळचे केसाळ आता पोट सुटलेले, चष्मे लावलेले, पण वायरचं नाव निघालं की पोरांसारख्या शिट्ट्या मारत होते. भाषणं झाली. टकलू गृहस्थांनी खुर्चीतल्या दादांच्या गळ्यात गिटार अडकवली. इथवर ठरल्याप्रमाणे. मग फोटोवाला म्हणाला, हात जरा वर दिसू द्या. गृहस्थांनी अगदी प्रेमानं तो डावा हात उचलला आणि दांड्यावर ठेवला.

मी खुर्चीतून उठेपर्यंत व्हायचं ते झालं. अशा हाताला एक खोड असते. तळव्याला काही टेकलं की मूठ आपोआप मिटते, आणि मग ती मालकाच्या बापाचंही ऐकत नाही. दादांची बोटं तारांवर आवळली गेली. लोकांना वाटलं, दादांनी सूर धरला. अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. आता काहीतरी करायलाच हवं, म्हणून दादांनी चांगला उजवा हात तारांवरून फिरवला. पुढ्यात भाषणाचा माइक होताच; मुठीत दबलेल्या तारांचा मोठ्या स्पीकरमधून नुसता 'भद्द' असा आवाज आला. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. टाळ्या विरत गेल्या.

मी स्टेजवर जाऊन त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. अशी मूठ ओढून उघडत नाही. मनगट आत दुमडायचं, मग बोटं सैल पडतात. मी मनगट धरलं. दादांचा चेहरा घामानं डबडबला होता. लवकर सोडव म्हणतील, असं मला वाटलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "राहू दे अशीच."

"दादा, तारा रुततायत. लागेल."

"लागतंय," ते म्हणाले. "तारा कळतायत मला."

मी मनगट दुमडलं नाही, नुसतं धरून बसले. वर्षभर मी त्या बोटांना विनवण्या केल्या होत्या, आणि आज ती आपल्या जागी पोचली होती, पण अशी. मला रडू आवरेना. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. खाली लोक उभेच होते. बसावं की टाळ्या वाजवाव्यात, कुणालाच कळत नव्हतं.