भावंडांच्या दोन छबी

आश्विनातली सकाळ. सोनसळी, शांत, दवात न्हालेली. येवल्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा मक्याची पिवळी शेतं, आणि त्यांच्यावरून सावकाश सरकणारं कोवळं ऊन. त्या उन्हातून दोन भावंडं इस्पितळाकडे निघाली होती. हेमलता बेचाळीस वर्षांची, प्रभाकर चाळिशीला टेकलेला. दोघंही पैठणी विणणारी.

आजोबांना विस्मृतीनं गाठलं ते पन्नाशीत. वडिलांना, अप्पांना, तेही पन्नाशीतच. ज्या हातांनी जन्मभर मोर विणले, त्या हातांना एके दिवशी मोराची मान आठवेना. रक्तातून उतरणारा आजार, डॉक्टर म्हणाले होते. एखाद्या लेकराकडे येईल, एखाद्याला सोडून जाईल. पण वागण्याबोलण्यात दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूच्या छबीत त्याची चाहूल लागते. म्हणून ही वाट, म्हणून ही सकाळ.

शुभ्र दालन, शुभ्र यंत्र. प्रभाकरची तपासणी झाली आणि यंत्राच्या थंडगार गुहेत हेमलता निजली. मंगळसूत्र काढून ठेवलेला गळा तिला ओकाबोका वाटत होता. "अजिबात हलायचं नाही हं ताई," परिचारिकेनं बजावलं.

आणि यंत्र बोलू लागलं. खट्-खट्, खट्-खट्. संथ, समगती, अखंड. हेमलतेनं डोळे मिटले मात्र, तिचे पाय चालू लागले. पंचवीस वर्षं मागाच्या त्याच तालावर चाललेले पाय, ते कसले कुणाचं ऐकतात! डावा, उजवा. डावा, उजवा. छबी पार विसकटली.

"ताई, पाय का हलवताय?"

"अगंबाई, मला वाटलं मागावरच बसलेय," ती ओशाळून म्हणाली. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला परिचारिकेनं तिचे पाय हलकेच बांधून ठेवले.

दुपारी डॉक्टरांनी दोन्ही छबी शेजारी शेजारी लावल्या. रुपेरी, राखाडी, निःशब्द. प्रभाकरची भरलेली, निकोप. हेमलतेच्या छबीत कपाळामागे बारीकशी झीज.

"सुरुवात आहे," डॉक्टर हळू म्हणाले. "अजून काही वर्षं हाताशी आहेत."

बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर रडला तो प्रभाकर. सुटलेलाच रडला. आपण वाचलो याची त्याला लाज वाटत होती, बहिणीकडे बघवत नव्हतं. हेमलताही घाबरली होती, आतून पार गारठली होती. तरी तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऐक. येईल तो अप्पांना विचारायचा, ओळखलंत का, सांगा बरं मी कोण. तूही विचारायचास. अप्पा कसे मान खाली घालायचे, आठवतं? मला तसं विचारू नकोस. आलास की आपणहून नाव सांग."

प्रभाकरनं डोळे पुसले. तो तिच्यासमोर सरळ उभा राहिला.

"मी प्रभाकर," तो म्हणाला. "तुझा धाकटा भाऊ."